फुकट, मुक्त आणि आमची लाल वही

द्वितीय वर्ष, कला

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण आपण सारेच हसत हसत वापरतो. मीही वापरीत असे. गेल्या दिवाळीपासून मात्र ती माझ्या तोंडी येत नाही. त्याचे कारण सांगावे आणि त्या निमित्ताने मनात आलेले चार विचार आपल्यापुढे ठेवावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. मी काही संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. अर्थशास्त्र हा माझा विषय, आणि तोही अजून पुरता उमगलेला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा काही उणे-अधिक लिहिले गेले तर गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव बार्शी तालुक्यात आहे. वडील सालगडी आहेत. आई सातवीपर्यंत शिकलेली, आणि गावातल्या एका महिला बचत गटाची सचिव. गटात बारा जणी. शेंगाचटणी, ज्वारीच्या कडक भाकरी आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया हा त्यांचा व्यवसाय. माल सोलापूरच्या दुकानांत जातो, थोडा पुण्याला जातो. शेंगदाणे, तिखट, बरण्या, गाडीभाडे असा सारा खर्च वजा जाता महिन्याला साधारण ९,००० रुपये उरतात. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ७५० रुपये. शहरातल्या वाचकाला ही रक्कम क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे तिच्यावर वह्या-पुस्तके आणि औषधपाणी भागते.

बचत गटांची एक पंचसूत्री आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन. यातले पाचवे सूत्र आईने दहा वर्षे एका लाल कापडी वहीत सांभाळले. दर बैठकीत ती वही मोठ्याने वाचली जाई. ज्यांना अक्षरओळख नाही त्याही बायका आपले नाव आणि आकडा कान देऊन ऐकत आणि मान डोलावीत.

ती वही बंद पाडली मी. २०२३ साली, अकरावीत असताना, एका कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मी मोबाइलवर घेतले. बिल तयार करणे, माल किती शिल्लक आहे ते दाखवणे, कुणाकडे किती येणे आहे ते सांगणे, ही सारी कामे ते करी. आणि पैसे? एक छदामही नाही. 'कायम मोफत' असेच तिथे लिहिले होते. आई म्हणाली, "वही राहू दे गं, दोन्ही ठेवू." मी म्हटले, "आई, आता वही कोण ठेवतं?" शिकलेल्या मुलीपुढे ती गप्प बसली. त्या दिवाळीपासून लाल वही ट्रंकेत गेली.

दोन वर्षे सारे सुरळीत चालले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने इंग्रजीत एक ई-मेल पाठवला. तो आला अकरावीत मी उघडलेल्या पत्त्यावर, जो पत्ता मी स्वतःच कधी पाहत नव्हते. तो माझ्या नजरेस पडला २६ सप्टेंबरला. १ ऑक्टोबरपासून महिन्याला ७४९ रुपये भरा, नाही तर फक्त शेवटच्या ९० दिवसांच्या नोंदी दिसतील, असा त्याचा मथितार्थ. मी हिशेब केला. महिना ७४९ म्हणजे गटातल्या एका बाईची कमाई. बारा जणींत एक तेरावी भागीदार येऊन बसणार होती, जी शेंगा फोडणार नाही की भाकरी थापणार नाही. पुढे बघू म्हणून मी ते तसेच राहू दिले. ही माझी दुसरी चूक.

ऑक्टोबरच्या बैठकीत आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर बाई, ज्यांना आम्ही सगळ्याच आक्का म्हणतो, त्या म्हणाल्या, "मागल्या आषाढात बाराशे भरलेत की मी. कर्जात अजून तेवढंच कसं दिसतंय?" आईने मोबाइल माझ्याकडे दिला. मागल्या आषाढाच्या नोंदीवर कुलूप होते. मी ते समजावून सांगू लागले तसे आक्का म्हणाल्या, "आमचाच हिशेब, आमच्याच घामाचा. अन् बघायला पैसे द्यायचे व्हय?" बाकी कुणीच काही बोलले नाही. पण सगळ्या जणी आईकडे बघत होत्या, आणि ते बघणे मी आजवर पाहिले नव्हते.

त्या रात्री आईने भाकरीचा तुकडा मोडला नाही. "धा वरसं पै-पैचा हिशेब ठिवला. कुणी बोट दाखवलं नाही," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी ७४९ रुपये भरले. कुलूप उघडले. आक्कांचे बाराशे होते; पण ते दुसऱ्याच एका बाईच्या नावावर. दोघींचे आडनाव एक, आणि नोंद करताना माझे बोट वरच्या ओळीवर पडले होते. चूक कंपनीची नव्हती, आईची तर नव्हतीच. ती माझी होती. मी आक्कांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, वही वाचली असती तर त्याच दिशी कळलं असतं की."

त्या भरलेल्या एका महिन्यात आम्ही सारा हिशेब बाहेर काढला. बिले एका झटक्यात तक्त्याच्या रूपात उतरली; पण बचत आणि कर्जाची खाती तशी उतरेनात. मी, माझा भाऊ आणि एक मैत्रीण अशा तिघांनी सहा संध्याकाळी बसून एकेक पान पाहून ती हाताने लिहून काढली. मग महिना संपला आणि आम्ही ते सॉफ्टवेअर सोडले.

हे सारे आमच्याच नशिबी आले असे मला आधी वाटत होते. नंतर आमच्या ग्रंथालयात बसून वाचले तेव्हा कळले, की जगभरच्या लहान संस्था या वाटेने गेलेल्या आहेत. सर्वांत गाजलेले उदाहरण गूगलचे. २००६ साली त्या कंपनीने संस्थांना आपल्या स्वतःच्या नावाचा ई-मेल आणि त्याबरोबरची साधने मोफत देऊ केली. लहान दुकाने, मंडळे, प्रार्थनास्थळे, कुटुंबे, सारे तिथे गेले. डिसेंबर २०१२ मध्ये नव्यांसाठी ते दार बंद झाले. जुन्यांना मात्र या बदलाची झळ पोहोचणार नाही असे सांगण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही नोटीस आली : पैसे भरा, अन्यथा उन्हाळ्यानंतर खाते स्थगित होईल. दर महिन्याला, दर माणशी पैसे. लोकांनी ओरड केली, तेव्हा मुदत वाढली आणि घरगुती वापर करणाऱ्यांना मोफत राहू दिले गेले. व्यवसाय करणाऱ्यांना मात्र ती सवलत मिळाली नाही, मग तो व्यवसाय दोन माणसांचा का असेना.

स्लॅक नावाची कचेरीतल्या निरोपांची सेवा आहे. सप्टेंबर २०२२ पासून तिच्या मोफत वापरात फक्त ९० दिवसांचे निरोप दिसू लागले, आणि २०२४ पासून वर्षाहून जुने निरोप पुसले जाऊ लागले. मायक्रोसॉफ्ट सेवाभावी संस्थांना आपल्या एका मोठ्या योजनेचे दहा परवाने विनामूल्य देत असे. जुलै २०२५ पासून, ज्या त्या संस्थेच्या नूतनीकरणाच्या वेळी, ते बंद करण्यात आले. जे मोफत उरले त्यात वर्ड आणि एक्सेल इंटरनेटवरून चालतात. आपल्या यंत्रावर बसवायची असतील तर सवलतीच्या दराने का होईना, पैसे मोजावे लागतात. जिथे वीज आणि इंटरनेट दोन्ही लहरी आहेत, तिथे हा फरक लहान नव्हे. शिक्षणसंस्थाही सुटल्या नाहीत. गूगलने त्यांना दिलेली अमर्याद जागा २०२२ पासून साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटवर आणली. कोरोनाच्या काळात ज्यांनी तासन्‌तास व्याख्याने साठवली, त्यांना काय ठेवावे आणि काय पुसावे याचा विचार करणे भाग पडले.

असे का होते? अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेले थोडे इथे उपयोगी पडते. मोफत सेवा कुणाला तरी महाग पडतच असते. यंत्रे चालतात, वीज लागते, माणसांना पगार द्यावा लागतो. सुरुवातीला हा खर्च गुंतवणूकदारांच्या भांडवलातून भागतो, कारण आधी गिऱ्हाईक जमवायचे असते. २०२२ साली अमेरिकेत व्याजदर चढू लागले, स्वस्त भांडवलाचे दिवस सरले, आणि अनेक कंपन्यांना नफा दाखवण्याची निकड भासू लागली. शिवाय तोवर गिऱ्हाइकाचा सारा हिशेब तिथे साठलेला असतो. ते सोडून जाण्याचा खर्च जितका मोठा, तितका दर वाढवण्याचा कंपनीचा धीर मोठा. ही युक्ती नवीनही नाही. आपल्या देशात चहाची सवय लावण्यासाठी १९३० च्या दशकात बाजारात आणि घरोघरी फुकट चहा पाजला जाई. आज चहावाचून आपला दिवस उजाडत नाही. पण चहाचे एक होते : तो नको झाला तर उद्यापासून सोडता येत होता. आपला मागचा हिशेब कुणी चहावाल्याकडे ठेवलेला नव्हता.

आमच्या होस्टेलवर यावरून बराच वाद झाला. वाणिज्य शाखेची माझी एक मैत्रीण म्हणाली, "तुमची चटणी तुम्ही फुकट देता का? मग त्यांनी का द्यावं?" तिचे म्हणणे मला मान्य आहे. ज्याने काम केले त्याला दाम मिळाला पाहिजे, मग ते काम शेंगा भाजण्याचे असो की संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे. पैसे मागितले म्हणून कुणाला लुटारू म्हणणे मला पटत नाही. माझी तक्रार निराळी आहे. आमच्या गावात पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याने दळणाचा दर वाढवला तर आम्ही कुरकुर करू आणि देऊ, किंवा शेजारच्या गावच्या गिरणीत जाऊ. पण त्याने "दर भरा, नाही तर तुमचे ज्वारीचे पोते मिळणार नाही" असे म्हटले तर? दळण त्याचे, पोते आमचे. सॉफ्टवेअर कंपनीचे, हिशेब आमचा. या दोन गोष्टींची सरमिसळ होते तिथे अन्याय सुरू होतो.

म्हणून माझ्या मते फी लावणाऱ्यावर निदान तीन बंधने असावीत. सूचना पुरेशी आधी आणि वापरणाऱ्याला कळेल त्या भाषेत मिळावी. आपल्या साऱ्या नोंदी, एकही न वगळता, दुसरीकडे वापरता येतील अशा रूपात विनामूल्य बाहेर नेता याव्यात. आणि बारा बायकांच्या गटाला व बाराशे माणसांच्या कारखान्याला एकच दर नसावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्या देशात जानेवारी २०११ पासून सर्वत्र आहे. त्याआधी नंबर जाईल या भीतीने माणसे नको त्या कंपनीत अडकून राहत. युरोपीय संघात नागरिकाला स्वतःची माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१८ पासून आहे. तिथला आणखी एक कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, ज्यांच्या यंत्रांवर संस्थांची माहिती साठवली जाते त्या कंपन्यांना, गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाणे सुकर करावे लागते. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याच्या २०१९ च्या मसुद्यात माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. मंजूर झालेल्या कायद्यात तो नाही. आणि गटाचा हिशेब ही तर व्यक्तीची माहितीही नव्हे. म्हणजे आमची लाल वही जर पडद्यामागे गेली, तर ती परत मागण्याचा सरळ हक्क आज आम्हाला नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर आपण काय करावे? इथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि घोटाळा होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे ज्याला दाम नाही. मुक्त म्हणजे ज्याला बंधन नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली, ती या दुसऱ्या अर्थाने. असे सॉफ्टवेअर कुणीही वापरावे, तपासावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. ते आपल्या यंत्रावर एकदा बसले की उद्या कुणी नोटीस पाठवून बंद करू शकत नाही. लिबरऑफिस हे त्यापैकीच एक. ते २०१० पासून आहे. केरळमध्ये सरकारी शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर चालतात. त्यातही कष्ट आहेत, हे मी कबूल करते. बसवून कोण देणार, बिघडले तर कोण बघणार, हे प्रश्न उरतातच. मुक्त म्हणजे बिनकष्टाचे असे कुणी समजू नये.

आमच्या गटाने शेवटी काय केले ते सांगते. लाल वही पुन्हा सुरू झाली आणि तीच मुख्य मानली. तिच्यावरून दर महिन्याच्या शेवटी मी मामाच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर लिबरऑफिसच्या तक्त्यात नोंदी करते, आणि त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेते. पेनड्राइव्ह आईच्या दागिन्यांच्या डब्यात असतो. दागिने फारसे नाहीत, त्यामुळे जागा भरपूर आहे. यात आमचे नुकसानही झाले आहे. पूर्वी पुण्याच्या गिऱ्हाइकाला क्षणात छापील बिल जाई, आता हाताने लिहिलेल्या बिलाचा फोटो जातो. शिल्लक माल मोजावा लागतो. दिवाळीच्या गर्दीत दोन मागण्या राहून गेल्या. उद्या धंदा वाढला तर गट कदाचित पैसे भरून एखादे सॉफ्टवेअर घेईलही. पण त्या वेळी बैठकीत तीन प्रश्न आधी विचारायचे, असे ठरले आहे : उद्या याचे पैसे पडले तर आपल्याला झेपतील का? सोडायचे ठरले तर आपला हिशेब पुरता आपल्या हाती येईल का? आणि सूचना आली तर ती कोण वाचणार? तिसरा प्रश्न आक्कांनी सुचवला. ई-मेल म्हणजे काय हे त्यांना नीटसे ठाऊक नाही, पण माझी चूक त्यांनी बरोबर ओळखली होती.

आता थोडे आपल्या कॉलेजविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावात जातो, रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते काम चांगलेच आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक गावातला एखादा बचत गट, एखादे वाचनालय, एखादे तरुण मंडळ निवडून त्यांचा मोबाइलमध्ये अडकलेला हिशेब बाहेर काढून द्यावा, त्याची एक प्रत त्यांच्या हाती ठेवावी आणि दुसरी कशी काढायची ते त्यांच्यातल्या एकीला शिकवावे, असे मला सुचवावेसे वाटते. वाणिज्य शाखेच्या मित्रांना यात हिशेबाचे प्रत्यक्ष शिक्षण मिळेल. आमच्यासारख्या कला शाखेच्यांना निदान इंग्रजी नोटिशी वाचून त्यांचा अर्थ मराठीत सांगता येईल. गावात त्या कामाची फार गरज आहे. आमच्या ग्रंथपालांशी मी बोलले आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन संगणक वापरू देण्यास ते तयार आहेत.

आम्ही पहिल्या पिढीतले शिकणारे घरी जातो तेव्हा नवे काही तरी घेऊन जातो, आणि जुने ते टाकून द्या म्हणतो. घरची माणसे आपल्यावर विश्वास ठेवून ते टाकतातही. म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे, हे मला त्या बाराशे रुपयांनी शिकवले. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आईने नव्या लाल वहीला हळद-कुंकू वाहिले. शेजारी मी पेनड्राइव्ह ठेवला. तिने त्यालाही कुंकवाचे बोट लावले आणि म्हणाली, "ह्यो असू दे. पण वही मीच लिवणार."

ज्यांना या शनिवारच्या कामात यायचे असेल, त्यांनी ग्रंथालयात माझ्याकडे नाव द्यावे.